पहिला गेमिंग पीसी: भाग कोणत्या क्रमानं निवडायचे

‘आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससकट.’ व्हॉट्सॅपवर येणारं कोटेशन बहुतेक वेळा असंच असतं आणि त्यात एकही वस्तू ठरलेली नसते. आय-फाइव्ह २०१२ सालचाही असतो आणि २०२४ सालचाही. ४ जीबीचं कार्ड म्हणून जीटी ७३० माथी मारता येतं. त्यावर व्हिडिओ छान दिसतात, नवा गेम चालत नाही. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा, हे तर लिहिलेलंच नाही.

असं कोटेशन गळी उतरतं, कारण निवडीची सुरुवातच भलत्या टोकाकडून झालेली असते. आधी प्रोसेसर, मग लाइटवालं कॅबिनेट, आणि उरल्यासुरल्या पैशांत कार्ड नि एसएमपीएस. खालचा क्रम जवळपास उलटा आहे. एका टप्प्यावर जे ठरतं त्यावर पुढचा टप्पा अवलंबून आहे, म्हणून मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: आधी कागद, मग दुकान

पुढच्या दोन वर्षांत खरोखर खेळणार आहात असे तीन-चार गेम लिहून काढा. ‘सगळेच’ हे उत्तर चालणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धात्मक गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, कार्ड मध्यम असलं तरी भागतं. सायबरपंक २०७७ सारखे भव्य गेम कार्डाचा घाम काढतात. एकाच बजेटात या दोन खेळाडूंच्या याद्या वेगळ्या होतात.

मग बजेट दोन भागांत मांडा: कॅबिनेटच्या आतलं आणि बाहेरचं. बाहेरच्यात मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचा परवाना येतो. ‘ऐंशी हजारांत पीसी’ असं ठरवून सगळे ऐंशी आतच घातले, की जुन्या टीव्हीला पीसी जोडायची वेळ येते. घरात यातलं काहीच नसेल तर पाव रक्कम आधीच बाजूला काढा.

तपासा: कोटेशनमधले भाव जीएसटीसकट आहेत का? या भागांवर १८ टक्के कर लागतो, त्यामुळे ‘प्लस जीएसटी’ लिहिलेलं कोटेशन स्वस्त भासतं.

टप्पा २: मॉनिटर ठरवा, कार्ड आपोआप ठरेल

कार्डाला किती काम पडणार, हे मॉनिटर ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० वर सुमारे ३७ लाख. म्हणजे दुसऱ्या पडद्यासाठी कार्डाला प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) पाऊणपट जास्त बिंदू रंगवावे लागतात.

पहिल्या पीसीसाठी १०८०पीचा, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याहून वेगवान, आयपीएस पॅनेलचा (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा) मॉनिटर घ्यावा असं माझं मत आहे. १४४०पी सुंदर दिसतं, पण त्याची किंमत एकदा मॉनिटरसाठी आणि पुन्हा कार्डासाठी मोजावी लागते. ६० हर्ट्झचा मॉनिटर नव्यानं घेऊन त्यामागे महागडं कार्ड लावणं ही मात्र निव्वळ उधळपट्टी. कार्डानं सेकंदाला १३० चौकटी काढल्या तरी पडदा ६० वेळाच बदलणार.

टप्पा ३: ग्राफिक कार्ड

आतल्या भागांच्या बजेटातला सगळ्यांत मोठा वाटा कार्डाचा. साधारण ३५ ते ४५ टक्के ठेवा. त्याहून बरंच कमी असेल तर पैसा दुसरीकडे झिरपतोय.

कार्डाच्या नावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मालिका, क्रमांक, मागचं ‘टीआय’ किंवा ‘एक्सटी’ हे शेपूट, आणि मेमरी. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीमध्येही येतं आणि १६ जीबीमध्येही. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. दुकानदारानं नुसतं ‘५०६० टीआय’ म्हटलं, तर कोणतं ते विचारल्याशिवाय पुढे सरकू नका. ८ जीबी आज १०८०पीवर चालून जातं, पण नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चरची (पृष्ठभागांच्या बारकाव्याची) सेटिंग चढवली की ते कमी पडू लागतं. परवडत असेल तर १६ जीबी घ्या. स्पर्धात्मक गेमच खेळणार असाल तर ८ जीबीवर थांबायला हरकत नाही.

उलट, निव्वळ मेमरीच्या आकड्याला भुलू नका. ४ जीबीचं जीटी ७३० हे मुळात पडद्यावर चित्र आणण्यापुरतं कार्ड आहे.

सावधान: जुन्या बाजारात आरएक्स ५८० ‘२०४८ एसपी’ या नावाची कार्डं फिरतात. नाव ५८० असलं तरी आतली चिप ५७० च्या ताकदीची असते, आणि त्यांतली कित्येक क्रिप्टो मायनिंगमध्ये राबून आलेली असतात. जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशेब करणारं) हार्डवेअर असलेलं घ्या. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) या गेमना ते सक्तीचं आहे, जीटीएक्स १६६० सुपरसारखं एरवी चांगलं कार्ड तिथे अडतं.

परदेशातल्या भावाकडून किंवा मित्राकडून कार्ड मागवण्याचा बेत असेल, तर वॉरंटी भारतात चालते का ते कंपनीच्या अटींत आधी वाचा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी विक्रीच्या देशापुरतीच असते. वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात.

टप्पा ४: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच

हे तीन भाग सुटेसुटे निवडता येत नाहीत. नवशिक्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश.

आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. एएमडीचं एएम४ (डीडीआर४) आता शेवटाला आलं आहे. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि त्यात फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात, आणि बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. एकाच नावाच्या बोर्डाचे दोन्ही प्रकार मिळतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही.

नव्यानं सगळंच घेत असाल तर एएम५ घ्या, कारण पुढे फक्त प्रोसेसर बदलून काम भागण्याची शक्यता तिथे जास्त. बजेट फारच आवळ असेल, तर एलजीए १७०० वरचा आय-फाइव्ह १२४००एफ अजूनही लाजवत नाही.

मागचं अक्षर वाचा. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं. एएमडीच्या ७५००एफचंही तसंच. साध्या रायझन ५ ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक असतं. पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्यानं किमतीत फार फरक नसेल तर ग्राफिक असलेला घ्यावा. पडदा काळा राहिला, तर दोष कार्डाचा की आणखी कशाचा, हे कार्ड काढून लगेच कळतं.

‘आत्ता “जी” मालिकेचा (स्वतःचं बऱ्यापैकी ग्राफिक असलेला) प्रोसेसर घेऊ, कार्ड पुढच्या दिवाळीला’ हा बेत अनेक घरांत होतो. बेत वाईट नाही, पण रायझन ५ ८५००जी मध्ये ग्राफिक कार्डासाठी पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या मार्गाच्या) चारच लेन आहेत, ८६००जी मध्ये आठ. दिवाळीला आणलेलं कार्ड चार लेनवर अडखळत चालेल. एएम४ वरच्या ५५०० आणि ५६००जी मध्ये जुनी पीसीआयई ३.० आहे, आठ लेनची नवी कार्डं, उदाहरणार्थ ५०६० मालिकेतली, तिथे थोडी मार खातात.

बोर्डावर फार खर्च करू नका, पण तळाचा बोर्डही नको. एएम५ साठी बी६५० किंवा बी८५० पुरेसा, इंटेलसाठी बी७६०. एच६१० वर रॅमच्या दोनच जागा मिळतात. वायफाय बोर्डावर आहे का ते नावातच दिसतं. नसेल आणि राउटर दुसऱ्या खोलीत असेल, तर वायफाय कार्डाचा खर्च आत्ताच धरा.

सावधान: बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर लावायचा असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत हवा. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुना बायोस असू शकतो. दुकानातूनच अद्ययावत करून घ्या, किंवा प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस चढवण्याची सोय असलेला बोर्ड निवडा.

रॅम दोन पट्ट्यांत घ्या, एकाच पाकिटातल्या. ‘आत्ता एक पट्टी, पुढे दुसरी’ यात मेमरीचा निम्मा वेग पहिल्या दिवसापासून जातो, आणि वर्षभरानं आणलेली दुसरी पट्टी पहिलीशी जुळेलच असं नाही. रायझन ७००० साठी ६००० च्या वेगाची, सीएल३० ची (हा प्रतिसादाच्या विलंबाचा आकडा) रॅम उत्तम. ३२ जीबी चांगलं, १६ जीबी चालेल. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली ‘इतक्या बजेटचा पीसी’ ही यादी जशीच्या तशी उचलू नका. चारही जागा भरण्याचा मोह टाळा. एएम५ वर चार पट्ट्यांना वेग कमी करावा लागतो.

टप्पा ५: एसएमपीएस, यूपीएस आणि घरातली वीज

कोटेशनमधली शेवटची ओळ आधी वाचा, असं मी ज्याला-त्याला सांगतो. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस गेमिंग पीसीत लावू नये. पूर्णविराम.

हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय सुमारे १८० वॅट घेतं, रायझन ५ ७६०० भाराखाली ८८ पर्यंत, बाकी सगळं मिळून ५० ते ६०. बेरीज ३३० च्या आसपास. पण कार्ड क्षणभर बरंच जास्त ओढतं, आणि एसएमपीएस सतत कड्यावर चालवू नये. म्हणून इथे ५५० चा एसएमपीएस पुरतो, ६५० चा निवांत. आरटीएक्स ५०७० एकटंच २५० वॅटचं, त्याला ६५० च्या खाली जाऊ नका.

छापलेल्या वॅटवर मात्र विसंबू नका. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्यांना १२ ने गुणा. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या खोक्यावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील, तर गेमच्या कामाचे फक्त २१६ वॅट हातात आहेत. प्रोसेसर आणि कार्ड याच १२ व्होल्टवर जगतात.

‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतल्या कपॅसिटरचा दर्जा आणि संरक्षणाची मंडलं यांबद्दल तो काही बोलत नाही. पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी असलेलं मॉडेल बघा, ही त्यातल्या त्यात खात्रीची खूण.

सावधान: मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, प्लग बसला तरी. आतल्या तारांची मांडणी वेगळी असते आणि एका झटक्यात एसएसडी, कार्ड, सगळं जळू शकतं.

आता यूपीएस. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. वर मांडलेल्या पीसीत मॉनिटर मिळवला की तो काठावर येतो, आणि गेम चालू असताना वीज गेली तर यूपीएसही शिट्टी मारून बसतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या आणि खोक्यावर व्हीए न बघता वॅट बघा. ६०० च्या आसपास हवेत. यूपीएस असतो तो गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. त्यावर सामना पूर्ण करायचा नसतो.

तपासा: अर्थिंग आहे का? जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या भोकात तारच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. वायरमनकडून मीटरनं मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी एक-दोन. हे पीसी घरी येण्याआधी करा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून वेळ मारून नेऊ नका.

टप्पा ६: कॅबिनेट आणि कूलर

तीन मापं जुळवा: मदरबोर्डाचा आकार, कार्डाची लांबी, कूलरची उंची. तिन्ही मापं कॅबिनेटच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये असतात. तीन पंख्यांची कार्डं अनेकदा ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, आणि समोर पंखे लावले की कॅबिनेटमधली जागा आणखी २५ मिलिमीटरनं घटते.

पुढची बाजू जाळीची हवी. काचेच्या तोंडामागे सहा रंगीत पंखे दिसायला छान, पण त्यांना हवा येणार कुठून? खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या चिपाही जवळपास तितक्याच तापतात. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात याला फार अर्थ आहे. धुळीची जाळी सहज निघणारी बघा, नाहीतर ती कधीच धुतली जाणार नाही.

रायझन ५ ७६०० आणि १२४००एफ यांच्या खोक्यात कूलर येतो. ७६००एक्स आणि ९६००एक्स यांच्याबरोबर येत नाही, आणि हे अनेकांना प्रोसेसर घरी आल्यावर कळतं. साधा टॉवर कूलर पुरतो. या बजेटात पाण्याचा कूलर घेण्यापेक्षा ते पैसे कार्डात घाला.

टप्पा ७: एसएसडी

१ टीबी, एनव्हीएमई (वेगवान जोडणीची), टीएलसी (हा मेमरी चिपचा प्रकार). एम.२ या चपट्या पट्टीच्या आकारात साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडीही येते आणि दिसायला जवळपास सारखीच असते, म्हणून बिलावर ‘एनव्हीएमई’ हा शब्द हवाच. ५१२ जीबी विंडोज आणि दोन-तीन मोठ्या गेममध्ये भरते.

टप्पा ८: कोटेशन, बिल, खरेदी

आता तुमची यादी तुम्हीच लिहा आणि तीच दुकानांना पाठवा. ‘एवढ्या बजेटमध्ये काय बसतं?’ असं विचारू नका. विचारलंत की पडून असलेला माल निघतो. प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल नंबर असू द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एकच यादी तीन दुकानांत दाखवली तरी भाव कळतो. बाहेरगावी असाल तर ऑनलाइन भाव हाताशी ठेवून आपल्या शहरातल्या दुकानदाराशी बोला. थोडं जास्त मागितलं तरी वॉरंटीची धावपळ तो करणार असेल, तर ते द्यावं.

‘हे नाही, त्याच्यासारखंच दुसरं देतो’ असं म्हटल्यावर जागच्या जागी हो म्हणू नका. घरी येऊन सॉकेट, रॅमचा प्रकार, वॅट आणि मापं पुन्हा जुळवा.

सगळे भाग एकाच आठवड्यात घ्या. दर महिन्याला एकेक घेत गेलात, तर शेवटचा भाग येईपर्यंत पहिल्याची बदलून मिळण्याची मुदत उलटते, आणि तो चालू आहे की नाही हे तोवर कळलेलंच नसतं.

तपासा, पैसे देण्याआधी:
- बिल पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर.
- प्रोसेसर सीलबंद खोक्यातला. सुटा ट्रेमधला नाही. खोक्यातल्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते.
- मदरबोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उघडून आतल्या पिना सरळ आहेत हे बघितलं. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.
- वॉरंटीसाठी भाग कुठे द्यायचा: याच दुकानात, जिल्ह्याच्या गावी, की कुरिअरनं.

ऑनलाइन घेतलं असेल, तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून.

टप्पा ९: पहिल्यांदा चालू करताना

जोडणी दुकानात केली तरी हे स्वतः बघा. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं आहे. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या जागेत आहेत (चार जागांच्या बोर्डावर). प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यात लागली आहे. कार्डाची वायर शेवटपर्यंत आत गेली आहे. नव्या १६ पिनांच्या प्लगमध्ये फट राहिली तर तो वितळू शकतो. मॉनिटरची केबल कार्डात आहे, मदरबोर्डात नाही.

एएम५ वर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम छापलेल्या वेगानं चालवणारी सेटिंग) सुरू करा. नाहीतर ६००० ची रॅम कमी वेगानं चालत राहते. विंडोज ११ टाका, कारण विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. बायोसमधल्या सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी चालू ठेवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडत नाही. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच सोडून देतं.

पुढचे तीन-चार दिवस रोज दोन तास सगळ्यात जड गेम चालवा आणि तापमान बघत राहा. दोष असलाच तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीत बाहेर यायला हवा. तोवर एकही खोकं रद्दीत देऊ नका. नंतरही कार्डाचं, बोर्डाचं आणि एसएमपीएसचं खोकं माळ्यावर ठेवा, बिलाचा फोटो ईमेलमध्ये. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, वॉरंटी तीन वर्षांची असते.